कावळा शिवलेलं चित्र

करंजाडे, १० सप्टेंबर २०२५

चि. गोरख यास अ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. टेम्पोवाल्या काशीरामसोबत चित्र पाठवलंय, त्याला सागाची चौकट कर. दोन ऑक्टोबरला पनवेलच्या प्रदर्शनात लागायचंय! चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण चित्रकार म्हणून पहिल्यांदाच बोलावलंय कुणीतरी. शिकवायला कुणी नव्हतं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आईला दाखव. शिमग्यानंतर येणं झालं नाही, रागावली असेल.

सूनबाई दिपिकाला आशीर्वाद. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा, भगवान

आपटा, १६ सप्टेंबर

ती. दादास गोरखचा शि. सा. न.

दादा, रडवलंस रे! बाबांचा एकही फोटो नव्हता, आणि ऐन पितृपक्षात तू हुबेहूब बाबा पाठवलेस. तीच टोपी, तेच नाक, कपाळावर तीच आठी. आज त्यांची तिथी. चित्र ओटीवर मांडून झेंडूचा हार घातला. दरवर्षी कावळा तासभर ताटकळत ठेवतो, यंदा पान ठेवलं न ठेवलं तोच शिवला! शेजारची भागी म्हणाली, आत्मा तृप्त हाय. आई तर चित्रासमोरून हलत नाही.

प्रदर्शनाला दुसरं काहीतरी दे. बाबा आता कुठे जायचे नाहीत. माया आहेच, ती राहू दे.

तुझा गोरख

करंजाडे, १८ सप्टेंबर

गोरखास,

आशीर्वाद नंतर. अरे गाढवा, तो मी आहे! महिनाभर मोरीवरच्या आरशात बघून स्वतःला काढलंय. टोपी केसांना रंग लागू नये म्हणून. जिवंत माणसाला हार घातलास? आणि तो मेला कावळा, लगेच कसला शिवतो? माझी इच्छा उरलीय ना! ते चित्र चारचौघांत टांगलेलं बघायचंय मला. बाबांनी माझे रंग चुलीत घातले होते, आणि तू त्यांच्याच नावाने माझं चित्र पुजतोस!

हार काढ, चौकट ठोक, पाठवून दे. आईला नीट समजाव.

चिडलेला, पण अजून जिवंत, दादा

आपटा, २५ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

चुकलो. पण पान बाबांचंच होतं आणि कावळा दिपिकाच्या वड्यांना भुलला, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. चौकट झालीय.

आईला भीत भीत सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, मला काय डोलं नायत? माजा भगवान मी पहिल्याच दिवशी वळखला. हार तर म्हणे आम्ही पाठ फिरवल्यावर तिनेच काढून तुळशीत टाकला होता, आणि आम्हाला वाटलं शेळीने खाल्ला! मग बोलली का नाहीस विचारलं, तर म्हणाली, बोलले असते तर तुमी लगेच पनवेलला धाडला असता. सा महिने पोर आला नाय, तोंड तरी दिसत होतं.

काशीरामकडे चित्र द्यायला ती तयार नाही. तूच ये.

तुझा गोरख

करंजाडे, २७ सप्टेंबर

चि. गोरख यास अ. आ.

ही चिठ्ठी आजच काशीरामसोबत धाडतोय, मी उद्या सकाळी निघतोय. चार दिवस राहीन, चांगला दोन्ही वेळा जेवीन, आणि दोन तारखेला आईला सोबतच प्रदर्शनाला नेईन. वडे करायला सांग, पण कावळ्याला नको, मला.

प्रदर्शनवाल्यांनी चित्राखाली लावायला नाव मागितलं होतं. मी ‘स्वतः’ लिहिलं होतं. काल जाऊन ते खोडलं आणि ‘सोनाबाईचा भगवान’ असं लिहून आलो. आईला वाचून दाखव.

तुझा दादा