उत्तरेला निघालेली क्रौंची

२ मार्च
थवा गेला. नांदूरमध्यमेश्वरहून, ऊन तापल्यावर. गोल गोल वर चढले नि उत्तरेला. आपली मादीही, शेजारी तिचा नर. तिच्या पायात कडं नि ठावठिकाणा फोनवर कळवणारं यंत्र मीच बसवलंय. क्रौंच दरवर्षी कमी होताहेत, ही कुठे उतरते ते कळलं तर ती तळी तरी वाचवता येतील. हे म्हणाले, लेक सासरी गेली तेव्हाही एवढी फोनला चिकटली नव्हतीस. म्हटलं, लेक फोन उचलते.

४ मार्च
मालेगावच्या अलीकडे सिग्नल थांबला. मग बंदच. यंत्र उन्हावर चालतं, म्हणजे ती अंधारात आहे. किंवा... नको.

५ मार्च
सापडली. जिवंत. सिग्नल थांबला त्याच गावात, एका कबुतरवाल्याच्या खुराड्यात. विजेच्या तारेला धडकून शेतात पडली होती, ह्याने उचलून आणली, बाजरी भिजवून घातली. कडं असलेलं कबुतर भरकटून आलं की ही माणसं त्याचे पंख कातरून ठेवतात, मालक येईपर्यंत उडून जाऊ नये म्हणून. हिचेही कातरले. "कोनं तरी पाळेल पाखरू शे असं वाटनं, ताई."
थोबाडीत द्यावी असा संताप आला. तर हसून विचारतो, मालक तुम्हीच ना? कपाळ माझं.

७ मार्च
डॉक्टर म्हणतात, मार बरा होईल. पण नवी पिसं येईपर्यंत उडणं नाही. म्हणजे यंदा उत्तर नाही. नाशिकला हलवायची परवानगी अजून यायचीय, तोवर तिथेच शेतात जाळी बांधून ठेवलीय. जाळीबाहेर नर उभा. थवा कधीच पुढे गेला. ती ओरडली की हा ओरडतो. ऐकवत नाही.

११ मार्च
ऊन मी म्हणतंय. नर तिथेच. आसपास पाणी नाही, हरभरा काढून झालाय, कुत्री फिरतात. डॉक्टर म्हणाले, ह्याला तरी हाकला, नाहीतर दोन्ही जातील.
मीच ढेकळं उचलली. आयुष्य ज्यांच्यामागे घातलं त्यांच्यावर ढेकळं. हेही फेकायला लागले, माझ्याकडे न बघता. नर उठला, चढला, उत्तरेला पार ठिपका झाला. जीव भांड्यात पडला नि त्याच क्षणी रडूही आलं. तेवढ्यात जाळीतून ती ओरडली.
तो वळला. जाळीला लागून उतरला.
हे म्हणाले, "अजून एक मार."
नाही मारता आलं. उद्या परत जायचंय.