वाडीचं विल

६ जानेवारी २०२५
ठरलं. विल करायचं. सुपारीची वाडी शिवदासला मिळणार नाही, पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं. काल मांडव्याच्या बोटीने मुंबईचा गॉगलवाला आणला आणि स्विमिंग पूल कुठे बसेल ते त्याला दाखवत होता. माझ्या वाडीत! मी कळशी घेऊन मागेच उभी.

९ जानेवारी
अलिबागला नेत्राच्या ऑफिसात. नेत्रा शिवदासचीच पोर, पण डोकं माझ्यावर गेलंय. वकील आहे. माणूस मेल्यावर कोणाला काय द्यायचं, एवढंच काम, त्याला पगार. चौलात हेच काम मी चाळीस वर्षं फुकट करतेय.
म्हणाली, आजी, सातबारा आण. म्हटलं, वाडी कोणाची ते गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. म्हणाली, कुत्र्याची साक्ष चालत नाही.
तलाठ्याकडे मी जाणार नाही. सासू गेली तेव्हा नाव लावायला गेले होते. बसायला खुर्ची दिली नाही मेल्याने. तशीच परत आले.

१० जानेवारी
विलात एक ओळ ठळक टाईप करायला सांगितली. नणंद मैना हिला सुपारीचं खांडसुद्धा नाही. तिने एका बारशात चारचौघांत माझी सोलकढी पाणचट म्हटली होती. सोळा वर्षं बोलत नाही. बोलणारही नाही.

१४ जानेवारी
साक्षीदार दोन लागतात. नेत्रा म्हणाली, तरुण बघ. तरुणांचा भरवसा काय? शेजारचा हिरामण पक्का केला. वय ब्याऐंशी, शब्दाचा माणूस.

२२ जानेवारी
हिरामण गेला. सहीच्या आधीच. शब्दाचा माणूस म्हणे.

२५ जानेवारी
वाडी नेत्रालाच देते म्हटलं. म्हणाली, मग हे विल मला लिहिता येणार नाही, दुसरा वकील बघ. म्हणजे तिचंही नाव कटलं! म्हटलं, कोणालाच नको, माझ्याच नावे लिही. म्हणाली, आजी, तेव्हा तू मेलेली असशील.
ते नंतर बघू.

३ फेब्रुवारी
नेत्राने सातबारा मोबाईलवरच काढला. वाडी सासूच्या नावावर. म्हातारी जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी मी तिच्याच वाडीला पाणी घालतेय.
वर नेत्रा म्हणते, तुझ्या सासूची मुलं दोन, गेलेले आजोबा आणि मैनाआजी. अर्धी वाडी तिची. तिने हक्क सोडल्याची सही केली तरच पुढे.
आज पंप लावला नाही.
संध्याकाळी लावला. झाडांचा काय दोष.

५ फेब्रुवारी
मैनाकडे जाणार नाही. विषय संपला.

११ फेब्रुवारी, माणगाव
सकाळच्या एसटीने आले. पिशवीत शंभर सुपाऱ्या, निवडून. माफी मागायची नाही, हे गाडीतच ठरवलं.
मैनाने दार उघडलं. म्हणाली, वहिनी, वाट चुकलात? म्हटलं, यंदा सुपारी चांगली धरली. म्हणाली, कळलं मला, नेत्राचा फोन आला होता. ठळक टाईपचं पण सांगितलंन.
खुर्ची हिनेही दिली नाही.
या वेळी उभी राहिले.