भवानीचं गिऱ्हाईक

सेंदाई
५ ऑक्टोबर २०२५

ती. प्रल्हाददादास,

गीताचा सा. न. वि. वि. केन आणि मी ठीक आहोत. तुझे कान कसे आहेत हे विचारत नाही, कारण तू खोटं सांगशील. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र.

सासूबाई वृद्धनिवासात गेल्यापासून त्यांची खोली तशीच होती. परवा आवरायला घेतली आणि त्यांचं विणकामाचं यंत्र मधोमध येऊन उभं राहिलं. तू पाहिलंयस ते, टेबलाएवढं लांब. केनचे लहानपणचे सगळे स्वेटर त्याच्यावर झाले. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की जो चालवील त्याला दे. तिथे गेल्यापासून त्या फार बोलत नाहीत. मी भेटायला गेले तरी खिडकीकडे तोंड करून बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. निदान हे एक तरी त्यांच्या मनासारखं व्हावं, असं आहे.

तर काल संध्याकाळी यंत्र ऑनलाइन लिलावाला लावलं, पुढच्या शनिवारपर्यंत. कुणीतरी लगेच मूळ किमतीची बोली लावून ठेवली, ती काही मी मोजत नाही. पण आज सकाळी एका गृहस्थांचा निरोप आला, की लिलाव आत्ताच थांबवत असाल तर दुप्पट देतो. भाषा इतकी अदबशीर की नाही म्हणायला जीभ रेटेना. केन म्हणतो, थांब, खरी चुरस शेवटच्या तासात होते. सुरुवातीलाच घाई करतो त्याला माल स्वस्तात हवा असतो. मला मात्र आपलं सांगलीचं दुकान आठवलं. दिवसाची पहिली विक्री व्हायची असली की नाना पदरचं घालतील, पण भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायचे नाहीत. मग मी कशी पाठवू? मी त्यांच्याकडून शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतलाय. तू इतकी वर्षं योकोहामात कापडाचं दुकान चालवतोस, तूच सांग.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
गीता


योकोहामा
८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गीतास,

अनेक आशीर्वाद. पत्र आज मिळालं, उत्तर जलद टपालाने पाठवतोय. कान उत्तम आहेत.

नानांचा नियम तुझ्या लक्षात आहे, पण लावलास चुकीच्या माणसाला. भवानीचं गिऱ्हाईक म्हणजे जास्त देणारं नव्हे, आधी पायरी चढलेलं. शनिवारी मूळ किमतीची बोली लावून गुपचूप बसलंय, ते तुझं पहिलं. दुप्पट देणारे नंतर आले, आणि पहिल्याला बाहेर काढून दार लावा म्हणताहेत. अदबीने म्हणाले म्हणून काय झालं?

केनरावांचंही सगळं खरं मानू नकोस. दुकान उघडताच आलेल्या माणसाने पूर्ण भाव दिलेला मी पाहिलाय, आणि चांगल्या भावाची वाट पाहत ठेवलेलं कापड संध्याकाळी घडी घालून परत कपाटातही ठेवलंय. भावाचं कुणी सांगू शकत नाही. पण तुझ्या सासूबाई किमतीबद्दल काही बोलल्याच नव्हत्या ना? मग त्या गृहस्थांना सरळ विचार, की यंत्राचं काय करणार. दुकानदाराने हे विचारायचं नसतं, पण तू कुठे दुकानदार आहेस.

वहिनी आशीर्वाद सांगते. आमची आठवण ठेवावी.

प्रल्हाद


सेंदाई
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं ऐकलं आणि विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की यंत्र उघडून सुटे भाग काढणार आणि त्यांतून लोकांची बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करणार. ही यंत्रं आता कुणी बनवत नाही म्हणे. माणूस वाईट नाही, त्यांचं मला पटलंसुद्धा. पण मग सासूबाईंचं यंत्र काही चालणार नव्हतं. मी माफी मागून नकार कळवला. त्यांनी शुभेच्छा दिल्या, बोली मात्र लावली नाही.

काल शेवटचा तास केन आणि मी लॅपटॉपसमोर बसून होतो. चुरस कसली, कुणी फिरकलंच नाही. यंत्र मूळ किमतीला गेलं आणि केन उगाच चहा करायला उठला. मला जरा रडू आलं, खोटं कशाला बोलू.

घेणारी मुलगी इथलीच निघाली. नात्सुमी नाव, बेकरीत अर्धवेळ काम करते. आज यंत्र बघायला आली, त्याच्यावरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, की तिला विणता येत नाही, व्हिडिओ बघून शिकणार आहे. सासूबाई शेजारी बसून शिकवत होत्या तरी माझी गाडी मफलरच्या पुढे गेली नाही. ही व्हिडिओ बघून काय शिकणार? शिवाय तिच्या खोलीच्या भिंती पातळ, यंत्राच्या खडखडाटावर शेजारी तक्रार करतील. म्हणजे ते कपाटात जाऊन बसणार. तिने न्यायला थोडे दिवस मागितलेत. पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जायचंय. काय सांगू त्यांना?

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

गीता


योकोहामा
१५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गीतास,

आशीर्वाद. झालं तसं सांग. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून सांगितलेलं लगेच कळतं. तुम्ही सगळे माझ्याशी तसंच बोलता आणि मला ते आवडत नाही.

यंदा भाऊबीजेला दुकान सोडता येणार नाही. फराळ आणि ओवाळणी पाठवतोय. सोबत निळी लोकर आहे ती त्या मुलीसाठी. हातात लोकर असली म्हणजे सुरुवात तरी करील.

तुझा
दादा


सेंदाई
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. फराळ पोचला. चकल्या केनने एकट्याने संपवल्या.

सासूबाईंना सगळं सरळ सांगितलं. मुलीला विणता येत नाही, हेही. तशा त्या खिडकीकडून वळल्या आणि म्हणाल्या, की तिला इथे घेऊन ये, यंत्रासकट. नात्सुमी लगेच तयार झाली. निवासाने रविवार दुपारपुरतं जेवणाच्या खोलीतलं मोठं टेबल दिलं, आणि यंत्रही तिथेच ठेवायची परवानगी दिली.

काल पहिली शिकवणी झाली. तुझी लोकर यंत्राला जाड पडते, हे सासूबाईंनी हात लावताच सांगितलं. त्या लोकरीचा मी तुला मफलर विणतेय, हातानेच; शिकवणीला सासूबाईंची जुनी बारीक लोकर घेतली. मुलीचा हात चुकला की त्या टेबलावर बोट आपटायच्या. दुपारभरात वीतभर विणून झालं. पोरगी खूश होऊन बघत होती, तोवर सासूबाईंनी ते सगळं उसवायला लावलं. मला वाटलं, संपलं, ही काही परत येत नाही. तिने मुकाट्याने उसवलं, लोकर गुंडाळली आणि वाकून नमस्कार करून गेली.

आज सकाळी तिचा निरोप आला, की रविवारी थोडी आधी आले तर चालेल का. सासूबाई टेबलाशी यायच्या आत एकदा हात बसवून घ्यायचाय. मी हो म्हटलं आणि निवासात कळवायला फोन केला. तर तिथल्या बाई म्हणाल्या, की सासूबाईंनी सकाळीच यंत्र बाहेर काढायला लावलंय. मुलीसमोर आपला हात चुकायला नको, म्हणून सराव चाललाय. नात्सुमीने आणि त्या बाईंकरवी सासूबाईंनी, दोघींनीही मला बजावलंय, दुसरीला सांगायचं नाही.

वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ आहे तसाच असू दे.

तुझी
गीता