लेकीची निवड झाली, मॅडम

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या पुण्यातल्या घराचा रंगही आता मला नीट आठवत नाही. स्वयंपाकघर मात्र आठवतं. स्पॅनिशच्या वर्गातल्या निवडक मुलींचं तुम्ही कॉलेजात मंडळ काढलं होतंत, आणि निवड सांगण्याआधी आम्हाला सगळ्यांना घरी बोलावून बटाट्याचं जाड ऑम्लेट करायला शिकवलंत. मी मान खाली घालून बटाटे सोलतेय, शेजारी माझी मैत्रीण मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये अखंड बडबडतेय आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताय. दुसऱ्या दिवशी तिची निवड झाली, माझी नाही. कारण विचारलं तर म्हणालात, "तुझं व्याकरण तिच्यापेक्षा पक्कं आहे गं. पण चुकायला नको म्हणून तू तोंडच उघडत नाहीस. मला बोलणाऱ्या मुली हव्यात." पुढे कित्येक वर्षं मी त्या मैत्रिणीवर जळले. तुमच्यावर रागवायची हिंमत नव्हती.

परवा माझ्या लेकीची तिच्या कॉलेजातल्या तशाच मंडळात निवड झाली. इथे, नेदरलँड्समध्ये. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आमच्या गावाहून, हूफडॉर्पहून, ट्रेनने मी एकटीच गेले. छोटा हॉल, निवडलेल्या मुलांच्या छातीवर लाल फुलं. ही भाषा आपल्याला कुणामुळे मिळाली, ते प्रत्येकाने स्पॅनिशमध्ये सांगायचं होतं. मी सावरून बसले. ती एवढीशी होती तेव्हा पालक निवडता निवडता तिला आकडे, रंग, भाज्यांची नावं मीच शिकवली होती. पण ती बोलली रूममेटच्या आजीबद्दल, जिच्या स्पेनमधल्या घरी ती गेल्या उन्हाळ्यात राहिली होती. "माझी स्पॅनिश आजी," म्हणाली. तिची क्रियापदं चुकत होती, मी ती मनातल्या मनात दुरुस्त करत होते, आणि लोक खुशाल टाळ्या वाजवत होते. माझी पोर घाबरत नाही, मॅडम. तुम्ही तिला डोळे मिटून निवडलं असतंत. हे मनात आलं आणि माझ्या पोटात जी आग पेटली, ती मुलगी यशस्वी झाल्यावर आईच्या पोटात पेटायला नको.

नंतर कॉफीच्या वेळी तिच्या प्राध्यापक बाई भेटायला आल्या. मूळच्या स्पेनच्या. त्यांनी इंग्लिशमध्ये अभिनंदन केलं आणि मी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. मग थांबलेच नाही. तुमच्या घराबद्दल बोलले, ऑम्लेटबद्दल बोलले. त्या थक्क झाल्या. "इतके स्वच्छ उच्चार कुठे शिकलात?" मी म्हटलं, पुण्यात, माझ्या मॅडमकडे. त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, "अगं, आईकडून शीक!" आणि मला म्हणाल्या, "आमच्या मंडळासमोर एकदा बोलायला याल?" लेकीचं हसू मावळलं. तो चेहरा मला ओळखीचा होता. तुमच्या वर्गात माझा तोच असायचा.

ती मला स्टेशनवर सोडायला आली. आधी तिने बोर्डावर गाडीची वेळ बघितली. मग म्हणाली, "आई, दॅट वॉज माय डे."

"तुझाच होता गं, राजा. मी काय केलं?"

"यू नो व्हॉट यू डिड."

ट्रेन आली. मी तिला जवळ घेतलं, तर ती नुसतीच उभी राहिली.

आज प्राध्यापक बाईंनी पुन्हा विचारलं आणि मी हो म्हणून टाकलं. काय नेसायचं तेही ठरवलंय. लेकीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. वाचून तुम्ही पहिला प्रश्न विचारला असतात, "पोरीला विचारलंस का?" आणि मला तिला विचारायचं नाहीये, मॅडम. ती नको म्हणेल.