तांबूला वाचून दाखवण्याविषयी

तीर्थस्वरूप द्वारकाआत्यांच्या पायांवर पणदऱ्याहून दिग्विजयचं डोकं.

इकडे सगळं ठीक आहे. आबांचा खोकला गेला, आवाज मात्र होता तेवढाच आहे. राजलक्ष्मी बरी आहे. छकुली चौथीत गेली आणि उंचीनं इतकी सुटली की दिवाळीचा फ्रॉक आता पोलक्यासारखा दिसतो. तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना काठी घेता का, की अजून ‘मास्तरणीची काठी दुसऱ्यांसाठी असती’ असंच चाललंय? परसातल्या पेरूला फळ धरलं का? काकांना नमस्कार सांगा. (इथून पुढचं पत्र त्यांना जेवताना वाचून दाखवू नका. ते हसतात आणि त्यांना ठसका लागतो.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आबांचं म्हणणं असं की, “फोनवर द्वारका ऐकत न्हाय, नुस्ती बोलती. लिहून धाड, म्हंजी तिला मधी तोंड घालता यायचं न्हाय.” तुमचे थोरले बंधू आहेत, तुम्ही आणि ते बघून घ्या. मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहितो आहे. विषय असा की तुम्ही संक्रांतीला आलात, छकुलीच्या हातात ते निळं पुस्तक ठेवलंत आणि जाताना आम्हा नवरा-बायकोला दम दिलात: रोज पोरीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, पाव तास का होईना, पण रोज. त्या दमाचे परिणाम आता गोठ्यापर्यंत पोचले आहेत, आणि त्यावरचा उपाय तुम्हीच सांगावा असा आबांचा हुकूम आहे.

आधी आम्ही घरात वाचून पाहिलं. पहिल्या दिवशी मी पलंगावर टेकून सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर मलाच झोप लागली. छकुलीनं अंगावर चादर घातली आणि आईला जाऊन सांगितलं, “पप्पा झोपले, आता मोबाईल दे.” दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन आला. तिसऱ्या दिवशी राजलक्ष्मीनं भाकरी थापताना वाचायला घेतलं, तर एक भाकरी करपली आणि पुस्तकाला पिठाचे पंजे उमटले. (ते अजून आहेत. छकुली म्हणते, ते गोष्टीतल्या अस्वलाचे.) माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. उसाच्या पाण्याची दारं धरायला गेलो की मी पाण्याकडे बघत उभा राहतो आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात जातं. अशा माणसाच्या हातून रोजची कुठली गोष्ट निभावणार?

मग एका संध्याकाळी धारेच्या वेळी माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात चारही माणसं एका जागी, मोबाईलशिवाय, फक्त गोठ्यात असतात. राजलक्ष्मीचे दोन्ही हात धारेत गुंतलेले. आबा तांबू गाईपुढं पेंडीच्या आंबोणाची पाटी धरून तिची मान खाजवत बसलेले. छकुली वासराला पेंढी टाकत असलेली. मी तेवढा खांबाला टेकून उगाच उभा. तेव्हा मी पुस्तक गोठ्यात नेलं. एक पान मी आणि एक पान छकुली, असं ठरलं. पुस्तक तुम्हीच दिलंत, त्यामुळं गोष्ट ठाऊक आहेच: नावाड्याची पोरगी नदी कुठून येते ते बघायला उलट्या दिशेनं होडी हाकत निघते.

आत्या, ती वेळ कशी असते ते मला नीट सांगता यायचं नाही, पण सांगतो. डासांसाठी शेणी धुमसत असते आणि तिचा धूर बल्बभोवती रेंगाळत असतो. बाहेर उसाची पात सळसळते. कालव्याला पाणी सुटलेलं असलं तर तोही आवाज येतो, आणि मग गोष्टीतली नदी कुठली आणि आपला कालवा कुठला हे माझं मलाच कळेनासं होतं. बादलीत धार वाजत असते. छकुली वाचताना अवघड शब्दाशी जरा थबकते आणि मग एकदम पलीकडे जाते. मला कितीदा वाटतं की गोठा हळूच सुटून चाललाय, आम्ही चौघं, गाय, वासरू आणि पेंडीचं पोतं घेऊन, वरच्या अंगाला, थेट डोंगरापर्यंत. मग आबा म्हणतात, “पुढं वाच की, थांबलास का?” आणि गोठा पुन्हा पणदऱ्यात येतो.

इथपर्यंत सगळं गोड होतं. चूक आमची एवढीच की आम्ही रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच आवाजात वाचलं. तुम्ही सवय लावायला सांगितली होती पोरीला, आणि लागली गाईला. आंबोणाची पाटी दिसली की पान्हवायची ती तांबू आता ‘नावाड्याची पोरगी’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय पान्हा सोडेना. दूध चोरायला लागली. राजलक्ष्मी सड ओढून थकायची आणि गाय मान वळवून माझ्याकडे बघायची, वर्गातली पोरं मास्तर अजून का आले नाहीत असं बघतात तशी.

याचा कळस झाला तो विजयसिंहच्या लग्नात. विजयसिंह म्हणजे माझा कारखान्यातला मित्र. लग्न बारामतीला, गोरज मुहूर्तावर. मी आणि छकुली गेलो. छकुली ते पुस्तक पिशवीत घालून सगळीकडे नेते, त्यामुळं तेही गेलं. इकडे धारेची वेळ झाली आणि गाय अडली. राजलक्ष्मीनं गाणं म्हणून पाहिलं. गाय ढिम्म. शेवटी आबा म्हणाले, “आरं, वाचायचंच हाय ना? मंग काय बी वाचू.” आणि त्यांनी खताची गोणी पुढं ओढून ठणठणीत आवाजात वाचायला घेतली. नत्र, स्फुरद, पालाश, कोरड्या जागी साठवावे, लहान मुलांपासून दूर ठेवावे. (राजलक्ष्मी सांगते की ‘लहान मुलांपासून’ला त्यांचा आवाज चांगला भरून आला होता.) तांबूनं एक लाथ घातली आणि आंबोणाची पाटी पार उकिरड्यावर गेली.

मग मला फोन. मी पंगतीत बसलेलो, ताटात जिलेबी. राजलक्ष्मी म्हणाली, “तुमी फोनवर वाचा, मी तिच्या कानाशी धरती.” आता भर मांडवात गाईला गोष्ट वाचून दाखवायची म्हणजे काय, याचा मी विचार करतोय तोवर छकुलीनं पुस्तक उघडून सुरूही केलं होतं. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. वाढपी वरणाची बादली घेऊन उभाच राहिला. पोरगी नदीच्या वळणावर पोचली, तिकडून राजलक्ष्मी म्हणाली, “आलं, आलं, पान्हा आला,” आणि नेमका तेव्हाच इकडे बँड वाजला. पुढचं काय सांगू? फोन शेणातून काढला, धुतला, वाळवला. आता त्यात पलीकडच्या माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. छकुली लग्नाच्या परकरातच गोठ्यात शिरली, वाचायला बसली, आणि त्या बयेनं निमूट बादली भरून दिली.

त्या संध्याकाळी आबांनी निकाल दिला. “ही गाय शिकल्याली न्हाय, बिघडल्याली हाय. ज्या दिशी ती वाचल्याबिगर दूध दील, त्या दिशी ही शाळा बंद. पोरीनं आईच्या हाताखाली काम करायचं आन् तू पाण्याकडं जायचं. पर तवर वाचावं लागंल, काय इलाज न्हाय.” म्हणजे बघा, आमचं वाचन आता एका जनावराच्या हट्टावर उभं आहे. तो मोडला की ते बंद. आणि आत्या, ते बंद झालेलं मला नको आहे. हे मी आबांच्या तोंडावर म्हणू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. छकुली माझ्याशी आधी काय बोलायची? पैसे द्या, सही करा, रिचार्ज मारा. आता शेतातनं आलो की विचारते, “पप्पा, त्या पोरीला डोंगर दिसला आसंल का ओ आज?” मी म्हणतो, दिसला असेल. मग आम्ही दोघं जरा वेळ त्या डोंगराचा विचार करत ओट्यावर बसतो. मला एवढं सुख दुसऱ्या कशात वाटलेलं आठवत नाही.

असो. हुकुमाप्रमाणे विचारतो: गाईची ही सवय मोडायला काही उपाय असेल तर कळवा. सावकाश कळवा. तुमच्या गुडघ्यांना आराम पडू द्या, मग कळवा. नाही कळवलंत तरी राग नाही.

तुमचा लाडका (असं तुम्हीच म्हणायचा),
दिग्विजय

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा काढलं. काल राजलक्ष्मी बचत गटाच्या बैठकीला गेली होती, छकुली तिच्याबरोबर, आबा रानात. मी एकटाच होतो. म्हटलं, आपण धारेला बसून बघू. पुस्तक घरात होतं. मी काही बोललो नाही, खाकरलोसुद्धा नाही. आणि तांबूनं, आत्या, रवंथ करत, डोळे मिटून, सरळ दूध सोडलं. तिचा हट्ट कधीचा गेलाय कुणास ठाऊक. मी हे घरात कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. राजलक्ष्मीला मी म्हणालो, “गोष्ट तोंडपाठ म्हटली, तवा कुठं दिलं.” ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. वाचलंत तसं पोटात ठेवा.

ता. क. दुसरा. आज पत्र टाकायला निघालो, वाटेत डेअरीवर थांबलो. तिथं म्हस्कू, जो दूध मोजून घेतो, म्हणाला, “तुमचं संध्याकाळचं दूध आबा मघाशीच घालून गेलं की.” मी उलटा घरी आलो. गोठ्यात आबा गाईच्या कासेखाली बादली धरून बसले होते आणि माझ्यावरच खेकसले, “कुठं हुतास? गाय अडलीया! वाच लवकर!” राजलक्ष्मी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. पुस्तक घेतलं आणि छकुलीशेजारी बसलो. आबांचे हात कासेखाली हलत होते आणि बादलीत काही म्हणता काही वाजत नव्हतं. अर्ध्या पानावर छकुली थांबली आणि म्हणाली, “आबा, आज धारंचा आवाज का येत न्हाय?”

आबा म्हणाले, “तू वाचण्याकडं ध्यान दे.”

तिनं दिलं. धडा संपेपर्यंत आम्ही सगळ्यांनी दिलं. मग आबा उठले, बादलीवर फडकं टाकलं आणि ती रिकामी बादली दोन्ही हातांनी धरून, हिंदकळू नये तशी, हळूहळू घरात घेऊन गेले. उंबऱ्यात थांबले. माझ्याकडे न बघताच विचारलं, “पुस्तकाची किती पानं ऱ्हायली रं?”

म्हटलं, थोडीच.

“द्वारकाला पत्र धाडलं का?”

म्हटलं, खिशात आहे.

“मंग त्यातलं उपायाचं खोड,” आबा म्हणाले. “म्हणावं, दुसरं धाड. जाड बघून धाड. गाईला कमी पडाय नगं.”