काठावरचे आकडे

६ मे १९९३, गुरुवार

फिल्म कोरी निघाली. काचेसारखी. एकही चित्र नाही — आणि काठावरचे आकडेसुद्धा नाहीत!

नुसती चित्रं नसती आणि आकडे असते, तर मी आज नीट जेवलो असतो. ते आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात. कॅमेऱ्याने काही टिपलेलं असो वा नसो, फिल्म धुतली की काठावर ते दिसतातच. एकाच मूर्खपणाने जातात — चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी, उरलेलं रसायन धुऊन काढणारा फिक्सर ओतला तर. आणि तो मूर्ख मी. पायसान्दूच्या फोटोक्लबात नवख्यांना फिल्म धुवायला शिकवणारा मी, मिल्टन चष्मेवाला!

फिल्म तरी कुणाची? एराल्दो मास्तरांची. मार्चमध्ये मास्तर गेले तेव्हा कॅमेऱ्यात होती. ओफेलियाबाईंनी नवऱ्याचा कॅमेरा जसाच्या तसा क्लबात आणून दिला. आमचा अध्यक्ष अनिबाल म्हणाला होता, "राजधानीत, मोन्तेविदेओला पाठवू, तिथे निवांत करतील." मीच आडवा आलो. "मास्तरांची फिल्म परक्या हातात? मी धुतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढं बरं वाटलं होतं मला तेव्हा.

डार्करूमच्या दाराबाहेर दोन नवखे उभे होते. मी आतून त्यांना सल्ले देत होतो, ओरडून — पाणी फार गरम नको, टाकी हळू हलवा, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा, आणि ओतण्याआधी त्या वाचा. बोलता बोलता हात गेला तो सरळ फिक्सरवर. माझ्याही बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. वाचतोय कोण!

७ मे

ओफेलियाबाईंकडे गेलो. रस्ताभर खरं तेच घोकत होतो. त्यांनी दार उघडलं. "आलास? दाखव, दाखव! काय काय टिपलंय त्याने?" हात पुसले, केस सारखे केले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.

आणि माझ्या तोंडून निघालं — "फिल्म पुढे सरकलीच नाही, ओफेलियाबाई. तिचं तोंड चक्रीत नीट अडकलं नव्हतं. सगळी कोरी."

"एराल्दोला फिल्म लावता आली नाही?"

"वय झालं की होतं असं."

वय! तो माणूस हात पाठीमागे धरून, न बघता फिल्म लावायचा. मेलेल्या माणसावर खापर फोडलं मी. तो उलट बोलणार नाही, म्हणून.

त्यांनी ती कोरी फिल्म मागून घेतली. देऊन आलो. काठ बघतील अशी भीती वाटली. त्यांनी बघितला नाही. नुसती गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली.

८ मे

दुकानात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. दोघंही कोपऱ्यावरून परत आली.

१३ मे, गुरुवार

क्लब. मास्तरांच्या फिल्मचं इथेही तेच सांगितलं — पुढे सरकलीच नाही. नेहमीसारखे सगळ्यांचे फोटो नाव न लिहिता भिंतीवर. नवख्या यानिनाचं मांजर नुसतं काळंमिट्ट. अनिबाल म्हणाला, "हे काय, कोळशाच्या खाणीत हरवलेलं मांजर?" पोरगी लाजली तेव्हाच कळलं कुणाचं ते. मी पुढे सरसावलो — सल्ला द्यायचा म्हटलं की माझे पाय आपोआप पुढे पडतात. सांगितलं, उजेड मोजताना तू मागची उन्हातली भिंत मोजलीस. मांजराजवळ जा आणि मांजर मोज. खूश झाली. मग विचारते कशी, "आणि धुताना बाटल्यांची अदलाबदल झाली तर हो?"

"मिल्टनला विचार!" अनिबाल ओरडला. "तज्ज्ञ आहे तो!"

सगळे हसले. प्रेमानेच हसले. मी सगळं समजावून सांगितलं. आधी फिक्सर पडला तर चित्रं जातात, काठावरचे आकडेही जातात. आवाज जरासुद्धा हलला नाही! मला माझ्या त्या आवाजाचीच किळस आली.

नंतर अनिबालने जाहीर केलं — जुलैत नाट्यगृहाच्या दालनात मास्तरांचं प्रदर्शन. महापूर, खाटीकखान्यातले कामगार, शाळांची संमेलनं, कुणाकुणाची लग्नं. चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह, पत्र्याच्या पेट्यांमध्ये, ओफेलियाबाईंच्या घरी. दुसरी प्रत कुठेही नाही. "मिल्टन, तुझं जाणंयेणं आहे तिकडे. पेट्या आणणं तुझ्याकडे."

मी म्हटलं, "हो तर."

१५ मे, शनिवार

ओफेलियाबाई दुकानात आल्या. चष्म्यासाठी नव्हे. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मिल्टन, पोरा, एक सांग. नवख्यांना तो सगळ्यात आधी काय शिकवायचा?"

मला कळलं कुठे चाललंय ते. क्लबात सगळ्यांना पाठ आहे. फिल्म पुढे ओढताना डावीकडची खुंटी फिरते का बघा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेली नाही, फुकट बटण दाबू नका.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "जेवताना ऐकलंय मी ते. लग्नाच्या वाढदिवसाला ऐकलंय! आणि त्याच माणसाची खुंटी फिरत नव्हती, नि त्याला पत्ता नाही?"

मी हातातल्या चष्म्याची काच पुसत राहिलो.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं. रिकामंच बटण दाबत होता. कॅमेऱ्यावरचा आकडा पुढे गेलेला मला दिसावा म्हणून." त्यांचा आवाज खाली आला. "डिसेंबरपासून सबंध उन्हाळा, दुपार कलली की कॅमेरा घेऊन बंदरावर. 'तिथला प्रकाश चांगला असतो, ओफेलिया.' आणि तुमचा तो अनिबाल डोळे मिचकावायचा — 'बंदरावरचा प्रकाश, की बंदरावरची कुणी, मास्तर?' मी हसायचे रे. तुम्हा सगळ्यांबरोबर बसून हसायचे!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. तेवढ्यात दार वाजलं, गिऱ्हाईक आलं. मी त्याला हसून "या, बसा" म्हटलं. वळून बघतो तर ओफेलियाबाई रस्त्यावर पोचल्या होत्या.

मी फक्त स्वतःची अब्रू वाचवायला गेलो. आणि एका बाईचा सगळा संसार खोटा ठरवून बसलो.

१६ मे

कबरस्तानाबाहेरची फुलवाली सांगत होती, मास्तरांची बायको आता येत नाही.

२० मे, गुरुवार

अनिबालला बाजूला घेतलं. "मास्तर बंदरावर खरंच जायचे?"

"जायचे म्हणजे? मी स्वतः बघितलंय! उलट्या घातलेल्या होडीवर बसून मासेवाल्यांचे चेहरे टिपत होते. मी उजेडात आलो म्हणून काय शिव्या घातल्या मला!"

"मग ती बंदरावरच्या बाईची थट्टा?"

"अरे, थट्टा ती थट्टा. का रे?"

"काही नाही. सहज."

मासेवाल्यांचे चेहरे. ते होते त्या फिल्मवर. आता मला माहीत आहे मी काय घालवलं ते.

एक नीच विचारही आला — अनिबाललाच पाठवावं त्यांच्याकडे, हे सांगायला. त्यांचा संशय जाईल, माझं नाव कुठेच येणार नाही. हा विचार करत मी घरापर्यंत चाललो, आणि चांगला वाटत होता तो मला! लाज नाही.

नाही. शनिवारी मीच जाणार. सगळं सांगणार.

२२ मे, शनिवार

बेकरीतून खारे बिस्कोचो घेतले आणि गेलो. फाटकापर्यंत. त्या अंगणात होत्या, मांस भाजायच्या शेगडीजवळ लाकडं रचत होत्या. उद्या रविवार, पाहुणे येणार असतील. इतक्या दिवसांनी घरात चार माणसं यायची, आणि आपण आदल्या दिवशी जाऊन त्यांच्या जिवाला घोर लावायचा? बरं दिसत नाही ते.

परत आलो. बिस्कोचो मीच खाल्ले, वाटेत, उभ्या उभ्या.

२३ मे, रविवार

सोमवारी. नक्की.

२४ मे, सोमवार

सांगितलं!

दुकान उघडलंच नाही, सरळ त्यांच्याकडे गेलो. क्लबातली एक साधी फिल्म बरोबर नेली होती. म्हटलं, "ओफेलियाबाई, ड्रॉवरमधली ती फिल्म आणा." दोन्ही खिडकीपाशी धरल्या. हिच्या काठावर आकडे आहेत, तिच्या काठावर नाहीत. फिल्म पुढे सरकली नसती तरी आकडे राहिले असते. ते मी घालवले. मास्तरांनी फिल्म बरोबर लावली होती. खुंटी फिरत होती. बंदरावर ते मासेवाल्यांना टिपत होते, अनिबालने स्वतः बघितलंय. मी चुकलो, आणि वर खोटं बोललो.

त्या दोन्ही काठ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो जात होता ते खरं."

"खरं."

"आणि तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"शनिवारीही? फाटकापाशी आला होतास ना? हातात पुडकं होतं."

म्हणजे बघितलं होतं त्यांनी मला! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "हो," म्हटलं. "शनिवारीही."

ओरडतील असं वाटलं होतं. कानाखाली वाजवली असती तर सोसली असती. काही नाही. येर्बाच्या कडू चहाचा पेला भरला, नळी माझ्याकडे वळवून पुढे केला. "घे. गार होईल." मी प्यालो. त्यांनी पुन्हा भरला नाही.

निघताना चाचरत पेट्यांचं विचारलं. "गुरुवारी या," त्या म्हणाल्या. "अनिबालला आण."

घरी येताना पाय हलके पडत होते. किती दिवसांनी पोटभर जेवलो. माफ केलं असेल का? नसेलही. पण आता त्यांना खरं माहीत आहे. मास्तर सुटले. ते महत्त्वाचं.

२७ मे, गुरुवार

अनिबालची गाडी घेऊन पेट्या आणायला गेलो. ओफेलियाबाई आम्हाला घरात न नेता अंगणात घेऊन गेल्या. शेगडीत पेट्यांची झाकणं पडली होती, वेडीवाकडी, काळी. राखेला अजून जळक्या फिल्मचा वास येत होता.

"रविवारी जाळलं सगळं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याचं सगळंच खोटं."

अनिबालला आधी कळेचना. "सगळं? महापूर? शाळा? पण का, बाई? का?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"हा सांगेल," म्हणाल्या, आणि आत गेल्या.