फोटोवरचं पीयूसी

१८ जून
माझ्या अपेक्षाला आज पुन्हा धाप लागली. शाळेच्या व्हॅनमधून उतरली तीच खोकत; मागच्या सीटवर बसते, तिथेच धूर शिरतो. डॉक्टर म्हणाले, "एवढा धूर कुठे लागतो हिला?" धायरीत पीयूसी सेंटर चालवणाऱ्या बाईने काय सांगायचं! त्या व्हॅनला मार्चमध्ये वर्षभराचं पीयूसी मीच दिलं. सायलेन्सरला नळी न लावता! व्हॅनवाल्या हिंमतरावांनी नंबर प्लेटचा फोटो पाठवला, मी कागद छापला. आपल्या यवतमाळकडचा माणूस, त्याला काय रांगेत उभं करायचं — सगळेच करतात. लाज वाटते.

१ जुलै
शहरात धूर-शुल्क सुरू. दर तीन महिन्यांनी तपासणी, जेवढा धूर तेवढे पैसे. मशीनवर कॅमेरा बसवून गेले. फोटोची भानगडच संपली. सुटले!

४ जुलै
हिंमतराव व्हॅन घेऊन आले. नळी लावली. आकडा बघून मलाच घाम फुटला.
"ताई, थोडा कमी करा नं. आपलीच लेकरं हायेत गाडीत."
म्हणूनच नाही करणार, म्हटलं. चिडून गेले.

२२ ऑगस्ट
शुल्काने काय झालं? काही नाही! व्हॅन तीच, धूर तोच. हिंमतराव आज चारचौघांत म्हणाले, "भरले नं पैसे? मंग सोडतो धूर." पूर्वी निदान नजर चुकवायचे. अपेक्षाचा दम्याचा पंप संपला, दुसरा आणला.

७ ऑक्टोबर
शुल्क दुप्पट. हिंमतराव पावती धरून बराच वेळ बसून होते. वाईट वाटलं. चहा दिला, सूट दिली नाही.

१५ नोव्हेंबर
विकली त्यांनी जुनी व्हॅन! सीएनजीची घेतली.

९ डिसेंबर
तीन आठवडे पंप दप्तरातच आहे. सिंहगड रोडवर अजून डोळे चुरचुरतात, पण माझी पोर रात्रभर झोपते. होतो बाई शुल्काचा उपयोग.

११ डिसेंबर
गावाहून जयसिंगचा फोन, माझ्या धाकट्या भावाचा. शाळेची पोरं न्यायला व्हॅन घेतली — हिंमतरावांची! गावाकडे शुल्क नाही, म्हणून तिकडे खपवली. "मार्चचा कागद हाय नं तुह्या सेंटरचा, ताई. तोच पाहून डोये झाकून घेतली!"
सांगायला तोंड उघडलं, तोवर त्याने फोन लेकीकडे दिला. मुक्ताई सहा वर्षांची आहे.
"आत्या, मी सगळ्यात मागं बसनार!"